सुगलाबाईच्या रानातलं दव

कस्तुराकाकूचं कापडही कोरडं निघालं, त्या सकाळी हिरेमाळात सगळ्यांना कळलं की दव गेलं.

त्याआधी काही दिवस चनबसला वाटत होतं की ते फक्त त्याच्याकडून गेलं आहे. हरभऱ्याची आंब धरणं हे बायकांचं काम. हरभऱ्याच्या पानांना रात्री आंबट पाझर सुटतो, त्यावर दव पडतं. संध्याकाळी पिकावर जुनं, मऊ झालेलं सुती कापड पसरायचं, उजाडताना ते उचलून पातेल्यात पिळायचं. जे आंबट पाणी निघतं ती आंब. पोट दुखलं, जेवण अंगावर आलं की चमचाभर घ्यायची. चनबसच्या घरात हे काम लग्नापासून त्याच्या बायकोनं, सुगलाबाईनं केलं होतं. चैत्रात ती गेली. तिच्यामागचा हा पहिला हरभरा. घाटे भरायच्या आधी आंब धरली पाहिजे एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं आपलं एक धोतर नेऊन पसरलं. सकाळी ते होतं तसं कोरडं उचललं.

कस्तुराकाकू शेजारच्या रानातली. तिनं बांधावरून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"आण्णा, बाजारातनं आणलेलं कोरं धोतर टाकलंस व्हय? खळ हाय त्याला अजून. ते कशाला पाणी धरंल?"

त्यानं जुनं धोतर टाकलं. तेही कोरडं.

"उशिरा उचलतोस. ऊन खातंय तुझं पाणी."

तो अंधारातच गेला. कोरडं.

शेवटी त्यानं वलणीवरचं सुगलाबाईचं कापड काढलं. दोन जुनी धोतरं मधोमध जोडून तिनं ते शिवलं होतं. आंबेशिवाय दुसऱ्या कशालाही ती ते वापरू देत नसे. चैत्रापासून त्यानं त्याला हात लावला नव्हता. ते पसरलं आणि सकाळी तेही कोरडं निघालं, तेव्हा चनबस ते मांडीवर घेऊन बांधाच्या कडेला बसला. तिथंच तिला ठेवलं होतं, बसत्या समाधीत, त्यांच्या रिवाजाप्रमाणे. वर अजून साधा दगडच होता.

"जाताना दवबी घेऊन गेलीस का गं?" तो म्हणाला.

तेवढ्यात कस्तुराकाकू आपलं कापड काखेत मारून आली. आज ती हसत नव्हती. तिनं ते कापड त्याच्यापुढं धरलं.

"हात लाव बघू. माझंबी कोरडं हाय. म्हादूच्या रानात गेले, तिथंबी न्हाई. आण्णा, तुझा हात न्हाई चुकला. दवच पडंना झालंय."

चनबसनं मान वर करून पूर्वेकडं पाहिलं. बांधापलीकडं रेवणची भिंत उभी होती.

रेवणसिद्ध म्हणजे सुगलाबाईचा पाठचा भाऊ. दोघांचं रान मुळात एकच. बापानं मरायच्या आधी मधोमध बांध घातला आणि मावळतीकडचा तुकडा चोळीबांगडी म्हणून लेकीच्या नावावर करून दिला. चनबस ते रान कसायचा, पण सातबाऱ्यावर नाव सुगलाबाईचं. ती चिडली की म्हणायची, "माझ्या रानात उभा राहून मलाच बोलतोयस?" आणि मग दोघंही हसायचे.

रेवणची भिंत यंदाच्या पावसाळ्यानंतर उभी राहिली. लांबून पाहिलं तर द्राक्षबागेच्या मांडवाला कुणी उभं केलंय असं वाटे. लोखंडी खांब, त्यांच्यात उंच जाळ्यांचे पडदे आणि त्या जाळ्यांना चिकटवलेली राखाडी भुकटी. त्या भुकटीत सगळी करामत. धातू आणि कोळसा यांच्या कणांची ती अशी जोडणी होती, की प्रत्येक कणाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी अगणित भोकं. चिमूटभर भुकटीच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर अख्खं खळं भरेल. रात्री हवा गार होते आणि तिच्यातली वाफ जड होऊन खाली येते. एरवी ती पानावर, गवतावर, दगडावर बसते, त्यालाच आपण दव म्हणतो. पण वाटेत ही भुकटी असली तर वाफ आधी त्या भोकांत शिरून बसते. दिवसा ऊन तापलं की भुकटी ती सोडते, नळीतून पाणी टाकीत उतरतं. वीज लागत नाही, आवाज होत नाही.

हिवाळ्यात रात्रीचा वारा उगवतीकडून यायचा. हवा आधी रेवणच्या भिंतीतून जायची आणि मग हिरेमाळाच्या रानावर. झाडामागं सावली पडते तशी त्या भिंतीमागं कोरड पडत होती.

चनबस त्याच दिवशी बांध ओलांडून गेला. रेवण टाकीचं झाकण पुसत होता.

"या दाजी. चहा टाकायला सांगू?"

"चहा ऱ्हाऊ दे. भिंत जरा उतरवून ठेव. हरभरा निघूस्तवर."

"का?"

"दव पडंना. आंब मिळंना. हरभरा नुसत्या दवावर येतो आपल्याकडं, तुला का सांगाय पायजे?"

रेवण झाकण ठेवून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर तोच झोपला होता.

"दाजी, या टाकीतनं गाव पाणी पितंय. टँकर बंद झाला कुणामुळं? आता भिंत उतरवली तर बाया माझ्या दारात घागरी आपटतील. आन् दुसरं, हे पाणी माझंच हाय. माझं शेततळं, माझी डाळिंबं. त्यातनं वाफ उडती, रात्री मी धरतो. कायदाच हाय तसा."

कायदा तसाच होता. नवा हवा-ओलाव्याचा कायदा सांगत होता की जमिनीच्या वर ठरावीक उंचीपर्यंतची वाफ सातबारा ज्याच्या नावावर त्याची, आणि आपल्या रानातून उडालेली वाफ आपलीच.

"आणि माझ्या रानावरची?" चनबसनं विचारलं.

"ती तुमची की. न्हाई कोण म्हणतंय? तुम्ही वारसनोंद करा, भिंतीत भागीदार व्हा. निम्मा वाटा लिहून देतो. पण नोंद पायजे दाजी. अक्काच्या नावावर मी कुणाशी करार करू?"

चनबस परत फिरला.

वारसनोंद करणं आता अवघड राहिलं नव्हतं. तलाठ्याकडं खेटे घालायचे दिवस गेले होते. फोनवर सातबारा उघडायचा, मृत्यूचा दाखला आपोआप जोडलेला असायचा. खाली एकच प्रश्न येई: मयत खातेदाराचे नाव कमी करून वारसांची नावे लावायची का? होय किंवा नाही. पुण्याहून मुलगी दर रविवारी विचारायची, "आप्पा, झालं का?" तो म्हणायचा, "रेंज नव्हती." रेंज असायची. तो सातबारा उघडायचा, सुगलाबाई चनबस हत्तूरे हे नाव वाचायचा आणि फोन बंद करून ठेवायचा. रेशनकार्डावरून तिचं नाव गेलं होतं, मतदार यादीतून गेलं होतं, बँकेतूनही गेलं होतं. सरकारच्या लेखी ती आता या एका ओळीत उरली होती.

पंधरवड्यानं कस्तुराकाकू आणि आणखी काही बायका चनबसच्या ओट्यावर बसल्या. तालुक्याला या कायद्याचा लवाद बसत होता. तक्रार द्यायचं ठरलं. चनबसला सगळ्यांच्या वतीनं बोलायला पाठवलं, कारण त्याचं रान भिंतीच्या सगळ्यांत जवळ.

लवादाचे अधिकारी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडं बघत होते. अर्जात नाव सातबाऱ्यावरून आपोआप उतरलं होतं.

"अर्जदार सुगलाबाई हत्तूरे. कुठं आहेत?"

"वारल्या."

"मग तुम्ही कोण?"

"मालक त्यांचा." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. चनबसच्या ध्यानात आलं. "म्हणजे नवरा, साहेब. रानाची मालक तीच."

"वारसनोंद केलीय?"

"न्हाई."

"मग तुम्हाला या जमिनीवरच्या ओलाव्याबद्दल दाद मागता येत नाही. नोंद करा आणि या. पाच मिनिटांचं काम आहे."

चनबस उभाच राहिला. मग म्हणाला, "साहेब, मला मालक म्हणून यायचंच न्हाई."

"मग?"

"आंब धरणारा म्हणून आलोय. आमच्याकडं हरभरा ज्याचा त्याचा असतो. आंब तशी नसती. कुणीबी कुणाच्याबी रानात कापड टाकावं. मालकाला इचारायची रीत न्हाई. जिच्या कापडात आली तिची आंब. काकूला रान न्हाई, दुसऱ्याचं खंडानं करती, पण तिच्या घरात कधी आंब संपली न्हाई. हे दव कधी कुणाच्या नावावर नव्हतंच."

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. कायद्यात एक कलम होतं, आजवर कुणी फारसं न वापरलेलं: एखादा ओलावा पूर्वीपासून सगळे मिळून वापरत आले असतील आणि तो एकाच्या जमिनीतून उडालेला नसेल, तर त्यावर एकाचा हक्क लागत नाही.

"वापर होता हे बायका सांगतील," ते म्हणाले. "पण समोरचे म्हणतात, वाफ त्यांच्या तळ्याची. ते तळं होण्याआधीचं दव कुठून येत होतं, हे कसं दाखवणार? तेव्हाचं दव आणाल का?"

ते चेष्टेनं म्हणाले होते. पण लवादाच्या सल्लागार बाई, विद्यापीठातल्या सलमा मुजावर, पुढं झुकल्या.

"आंब किती वर्षं टिकते, काका?"

"धा वर्सं ठेवली तरी काय होत न्हाई. आंबट असती ना."

"तुमच्या घरी जुनी आहे? तळ्याच्या आधीची? आणि न उघडलेली?"

घरी अशी एक बाटली होती. एकच.

सलमाबाई दुसऱ्या दिवशी स्वतः गावात आल्या. कस्तुराकाकूच्या घरी, म्हादूच्या घरी बाटल्या निघाल्या, पण सगळ्या वापरातल्या. बाईंनी प्रत्येक बाटली उजेडात धरली आणि खाली ठेवली. मग चनबसच्या ओट्यावर बसून त्यांनी समजावलं.

"सगळं पाणी सारखं नसतं, काका. त्यात थोडं जड पाणी असतं, बाकी हलकं. दिसायला, चवीला फरक नाही, पण यंत्र ओळखतं. समुद्रावरून वाफ निघून लांब येते तेव्हा वाटेत जड पाणी गळत जातं. तळ्यातून उडालेल्या वाफेत त्याचं माप वेगळं असतं, मातीतून उडालेल्या वाफेत आणखी वेगळं. म्हणून पाणी कुठून आलं ते त्याच्या आतच राहतं. फक्त बाटली कधी उघडलेली नको. उघडली की हलकं पाणी आधी उडतं आणि माप बिघडतं."

"किती लागंल?"

"बाटली छोटी आहे ना? निम्मी तरी. दोन-तीनदा बघावं लागेल."

"आन् उघडल्यावर उरलेली?"

"उरलेली तुमची. पण मग ती उघडलेली."

चनबस उठून आत गेला आणि देवळीतनं बाटली घेऊन आला. कधीकाळच्या औषधाची तपकिरी काचेची. बुचावर मेण ओतलेलं आणि ते गरम असताना वरून अंगठ्यानं दाबलेलं. सुगलाबाईला ती खोडच होती. दर बाटलीवर अंगठा दाबायची आणि म्हणायची, "आता ही माझी सही." मेणात तिच्या अंगठ्याच्या रेषा अजून स्पष्ट होत्या. अंगठ्याला विळीनं कापल्याची आडवी खूणसुद्धा.

बाईंनी पाहिलं.

"तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहीन."

बातमी रेवणपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी तो आला, चपला न काढता उंबऱ्यातच थांबला.

"दाजी, खरं हाय का? अक्काची बाटली फोडणार?"

"उघडणार."

"एकच की हो ती. तिच्या हातची." त्यानं हात जोडले. "केस जिंकायला तिची सही मोडणार तुम्ही? न्हाई दाजी. तसं करू नका."

"मग भिंत उतरव. मी बाटली परत देवळीत ठेवतो."

रेवणनं भिंतीसाठी डाळिंबाची बाग गहाण टाकली होती, आणि गाव खरंच तिचं पाणी पीत होतं. हे चनबसलाही ठाऊक होतं. दोघांनी त्या बाटलीकडं पाहिलं. शेवटी रेवण म्हणाला, "मला न्हाई जमायचं," आणि निघून गेला. कोणत्या गोष्टीबद्दल म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही.

चनबसनं विचार केला. तिनं ही बाटली ठेवायला भरली नव्हती. दर वर्षी ती बाटल्या भरायची आणि वर्ष संपायच्या आत वाटून टाकायची. कुणाचं मूल रडतंय, कुणाचं पोट धरलंय म्हटलं की स्वतः घेऊन जायची. एखादी मागं राहिली तर म्हणायची, "यंदा गावात कुणी आजारीच पडलं न्हाई बघ." ही बाटली तिच्यानं वाटायची राहून गेली होती, एवढंच.

प्रयोगशाळेत बाईंनी बाटली त्याच्याच हातात दिली. म्हणाल्या, "तुम्ही उघडा." मेण अख्खं निघावं म्हणून त्यानं नखानं कडेकडेनं सोडवायला सुरुवात केली. निम्मं सुटलं. मग त्याचा मधोमध तुकडा पडला, अंगठा जिथं होता तिथंच, आणि बाकीचा टेबलावर भुगा झाला. बूच निघालं तसा वास आला. ओल्या हरभऱ्याचा, आंबट, गार. चनबसनं तोंड फिरवलं. सलमाबाईंनी खुर्ची पुढं ओढली, पण तो बसला नाही. त्यानं मेणाचा भुगा गोळा करून रुमालात बांधला.

यंत्रानं जे सांगितलं ते लवादापुढं वाचून दाखवलं गेलं. जुनं दव बहुतेक उगवतीच्या समुद्राचं होतं. दिवसेंदिवस वाऱ्यावर येत, वाटेतल्या जिल्ह्यांच्या मातीची थोडी थोडी वाफ उचलत ते हिरेमाळावर उतरत होतं. आताच्या भिंतीच्या पाण्याचं मापही जवळजवळ तेच. त्यात रेवणच्या तळ्याचा वाटा होता, पण थोडा.

"म्हणजे नेमकं कुणाचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"एका गटनंबरात बसेल असं नाही," सलमाबाई म्हणाल्या.

निकाल असा लागला, की हरभरा फुलात आल्यापासून काढणीपर्यंत भिंतीचे पडदे एक दिवसाआड गुंडाळून ठेवायचे. एक रात्र भिंतीची, एक रात्र रानाची. पाटाच्या पाण्याला पाळी लावतात तशी दवाला लागली. गावाची टाकी निम्मी का होईना भरेल. हा निकाल या हंगामापुरता. पुढचं पुढच्या सुनावणीत.

बाहेर पायरीवर रेवण बसला होता. चनबस त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि पिशवीतून बाटली काढली. तळाशी थोडी आंब उरली होती.

"आत्याचं पोट कसं हाय?" सुगलाबाईची म्हातारी आई रेवणकडंच होती.

"धरतंय अधनंमधनं. लेकीच्या हातची आंब मागती. कशी समजूत घालू?"

"ही दे तिला."

रेवणनं बाटली हातात घेतली. बुचावर मेण नव्हतं. तो अंगठा बुचावर फिरवत राहिला.

"दाजी, तुमाला न्हाई ठेवत काय?"

"उघडली की ठेवायची नसती. तीच म्हणायची."

रेवणनं बूच काढून एक थेंब जिभेवर घेतला, डोळे मिटले आणि बूच लावलं. मग म्हणाला, "आज पाळी रानाची. सांजच्याला पडदे गुंडाळतो. हात लावाय येता का? जड असत्यात."

दोघांनी मिळून पडदे गुंडाळले. अंधार पडायच्या आत चनबसनं सुगलाबाईचं कापड हरभऱ्यावर पसरलं. कस्तुराकाकूनं बांधावरून ओरडून सांगितलं, "ताणून टाकू नको आण्णा, सैल टाक. दमल्यावर अंग टाकतो तसं!"

सकाळी कापड जड लागलं. पिळायला गेला तर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आले, निम्मी आंब बाहेरच सांडली. हाताला चरचर सुटली, बोटं आंबून गेली. पातेल्यात जेमतेम पेलाभर उरली. हातानं कापड कसं पिळायचं हे तिनं कधी दाखवलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. दगडाजवळ तो थोडा वेळ बसला. दगड ओला होता. गवत ओलं होतं. बांधाच्या दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या.

फोन वाजला. मुलगी होती.

"आप्पा, मामा म्हणाला निकाल लागला. आता तरी वारसनोंद करून टाका. पुढच्या सुनावणीला लागेल."

"करतो," तो म्हणाला.

त्यानं ओला अंगठा सदऱ्याला पुसला आणि सातबारा उघडला. प्रश्न आला. होय किंवा नाही. त्यानं वरची ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि फोन खिशात ठेवला.

आंब बाटलीत भरून झाली आहे. वर मेण लावलं आहे, पण त्यावर कुणी अंगठा दाबलेला नाही. समाधीवर नावाचा दगड बसवायचा आहे. सातबाऱ्यावर सुगलाबाई चनबस हत्तूरे हेच नाव आहे. वारसनोंद व्हायची राहिली आहे.